थर वाळू द्या: नाशिकमध्ये राहून अमूर्त चित्र करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमध्ये नोकरी सांभाळून चित्रं काढणाऱ्या एका चित्रकाराला जलरंगातली निसर्गचित्रं चांगली जमतात. दोन वर्षांपासून कॅनव्हासवर अमूर्त, म्हणजे ओळखीच्या वस्तू-देखावे नसलेलं, काम सुरू केलंय, पण तीन ठिकाणी गाडी अडते. एक, रंगांचा चिखल होतो. दोन, एखादं चित्र बरं झालंच तर ते वासुदेव गायतोंडे नाहीतर प्रभाकर कोलते या नावाजलेल्या अमूर्त चित्रकारांचं वाटतं. तीन, आजचा अमूर्त चित्रकार दिवसभर नेमकं काय करतो आणि त्याचं कसं भागतं, हे कळत नाही.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण पहिल्या दोन्ही गाठी तिथेच आहेत. थरांवर थर चढवून काम करणाऱ्या चित्रकाराच्या दिवसातला मोठा वाटा वाट बघण्यात जातो. रंग लावायला दहा मिनिटं लागतात आणि वाळायला, उन्हाळ्यातला पातळ थर सोडला तर, दोन तासांपासून दोन आठवड्यांपर्यंत कितीही. त्या मधल्या वेळात तो काय बघतो, काय पुसायचं ठरवतो आणि कशाला हात लावत नाही, यातूनच त्याची शैली जमत जाते. चित्र आतून आलं पाहिजे असं म्हणतात, ते खोटं नाही. पण आतून आलेलं ओल्या रंगावर थापलं तर त्याचाही चिखलच होतो.

जलरंगवाल्याला हे जड जातं, त्याला कारण आहे. नाशिकची चित्रकला गोदाघाटावर वाढली. शिवाजी तुपे यांच्यासारख्यांनी घाट, देवळं, वाडे जागेवर बसून रंगवले आणि तीच शिस्त पुढच्या पिढ्यांच्या हातात उतरली: ऊन सरकायच्या आत चित्र आटोपायचं. कागद ओला आहे तोवर रंग सोडायचा, चाळीस-पन्नास मिनिटांत उठायचं. जलरंगात उजेड कागदाच्या पांढऱ्यातून येतो, म्हणून कमी हात लावणाऱ्याचं चित्र ताजं राहतं. कॅनव्हासवर अपारदर्शक रंगाचा एक हात फिरला की खालचा पांढरा संपला. उजेड पुन्हा थरांनी उभा करावा लागतो. तीच घाई इथे आणली की पहिला रंग ओला असतानाच दुसरा त्यात घुसतो, मग तिसरा, आणि अर्ध्या तासात सगळं मळकट तपकिरी-करडं होऊन बसतं.

चिखल दोन प्रकारचा असतो. एक रंगछटेचा आणि दुसरा उजेड-अंधाराचा. लोक पहिल्याला घाबरतात, पण चित्र बहुतेक वेळा दुसऱ्याने मरतं. ओळखायचं कसं? मोबाइलवर चित्राचा फोटो काढा आणि कृष्णधवल करून बघा. सगळा कॅनव्हास एकाच मधल्या करड्या पट्टीत दिसला, तर रंग कितीही सुंदर असोत, लांबून ते चित्र चपटं दिसणार. अशा वेळी नवीन रंग शोधत बसू नका. एक भाग धीटपणे गडद करा, एक भाग फिका करा, आणि मधल्याला हात लावू नका.

रंगछटेच्या चिखलाचं कारण साधं आहे: लाल, पिवळा, निळा तिन्ही घटक एकाच ओल्या मिश्रणात आले की ते एकमेकांना मारतात. त्यात भर म्हणून लेबलवर ‘ह्यू’ (मूळ रंगद्रव्याऐवजी त्याच्यासारखी छटा) लिहिलेल्या स्वस्त ट्यूब. त्यात बऱ्याचदा दोन-तीन रंगद्रव्यं आधीच मिसळलेली असतात. अशा दोन ट्यूब मिसळल्या की मिश्रणात पाच-सहा द्रव्यं झाली. म्हणून ट्यूबवरचं नाव वाचू नका, मागचा सांकेतिक क्रमांक वाचा. अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९, लाल ऑक्साइड पीआर १०१, पिवळा ऑकर पीवाय ४२ किंवा ४३, टायटॅनियम पांढरा पीडब्ल्यू ६. पहिले सहा महिने एवढ्या चार ट्यूबवर काम करा. काळा घेऊच नका. त्यासाठी पाचवी ट्यूब बर्न्ट अंबरची (पीबीआर ७) ठेवा. अल्ट्रामरीनमध्ये ते घातलं की विकतच्या काळ्यापेक्षा जिवंत काळा मिळतो, आणि तो हवा तसा थंड किंवा ऊबदार करता येतो. काळ्या पाषाणातली देवळं रोज बघणाऱ्या गावाला हा फरक वेगळा समजवावा लागू नये.

ट्यूबवर एक छोटा चौकोनही असतो. रिकामा असेल तर रंग पारदर्शक, भरलेला असेल तर अपारदर्शक, अर्धा असेल तर मधला. अमूर्त कामात हा चौकोन रंगाच्या नावाइतकाच महत्त्वाचा. अल्ट्रामरीन खालचं दाखवतो, टायटॅनियम झाकतो. प्रत्येक मिश्रणात सवयीने पांढरा घालणाऱ्यांचं चित्र खडू फासल्यासारखं दिसतं, ते यामुळेच. फिकं करायचं असेल तर कधी पांढरा घाला, आणि कधी तोच रंग माध्यमात (रंग पातळ करायच्या, बंधक असलेल्या द्रवात) पातळ करून फिक्या थरावर पसरा. दोन्हीचा परिणाम अगदी वेगळा दिसतो.

आता प्रत्यक्ष थर. ॲक्रिलिक (पाण्यात मिसळणारा, लवकर वाळणारा रंग) धरून सांगतो, कारण घरातल्या एका खोलीत तेच परवडतं.

कॅनव्हास सुती आणि जाड विणीचा घ्या. चौकट ३६ इंचांच्या पुढे असेल तर मधली आडवी पट्टी हवीच, नाहीतर लाकूड आत वाकतं. चौकटीच्या पट्टीची आतली कड तासलेली आहे का ते बोट फिरवून बघा. सपाट असेल तर ब्रश दाबताना कापड लाकडाला टेकतं आणि वर्षभरात त्या कडेची रेघ चित्रात उमटते. ती नंतर जात नाही. तयार कॅनव्हासवर अस्तर असतंच, तरी ॲक्रिलिक जेसोचे, म्हणजे अस्तराच्या रंगाचे, आणखी दोन हात द्या. पहिला आडवा, दुसरा उभा. जेसोत पाणी एक चतुर्थांशापेक्षा जास्त नको. ३६ बाय ३६ इंचांना एका हाताला साधारण १०० ते १५० मिलि लागतो. मध्ये २२० नंबरचा पॉलिशपेपर हलका फिरवा. घासून गुळगुळीत करू नका, रंगाला धरायला काहीतरी हवं.

पहिला रंगीत थर पातळ आणि मध्यम गडद ठेवा. इथे पाणी चालतं, कारण जेसो शोषतो. वरच्या थरांत मात्र रंग निव्वळ पाण्याने पातळ करू नका. ॲक्रिलिकमध्ये रंगद्रव्याला धरून ठेवणारं बंधक असतं. रंगाइतकंच किंवा जास्त पाणी घातलं की बंधक विरळ होतं, आणि न शोषणाऱ्या थरावर तो रंग पुढच्या ओल्या ब्रशबरोबर निघून येतो. तिथे ॲक्रिलिक माध्यम वापरा. पारदर्शक थरासाठी एक भाग रंगाला आठ ते दहा भाग माध्यम. हे प्रमाण पहिल्यांदा ऐकताना फारच फिकं वाटतं. चार थर दिल्यावर बघा.

थर वाळलाय का, हे बोटाच्या टोकाने तपासू नका. हाताची मागची बाजू टेकवा. गार लागलं तर आतून पाणी अजून उडतंय. वर सुकलेला आणि आत ओला, अशा थरावर माध्यम ओतलं की आतली ओल अडकते आणि वर दुधाळ धुरकट पडदा येतो. मे महिन्यात पातळ थर दहा मिनिटांत वाळतो, इतका की रोलर फिरवतानाच कडा धरतात. जुलैत त्यालाच दोन-तीन तास लागतात. तीन मिलिमीटर जाडीचा थर बाहेरून दुसऱ्या दिवशी घट्ट वाटेल, पण आत आठवडाभर, पावसाळ्यात त्याहून जास्त, मऊ असतो. उन्हाळ्यात रंग लवकर ओढतो म्हणून लोक रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव) भसाभस ओततात. बाटलीवरच्या मर्यादेच्या पुढे गेलात तर थर कायमचा चिकट राहतो आणि घरभरची धूळ गोळा करतो.

हिवाळ्याची एक गोष्ट नाशिकला खास लागू आहे. ॲक्रिलिकचे कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा तयार व्हायला साधारण ९-१० अंशांच्या वर तापमान लागतं. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा किती उतरला याच्या बातम्या येतात, तेव्हा शहरातल्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीतही रात्री तेवढी थंडी असते. संध्याकाळी जाड थर देऊन कॅनव्हास तिथेच सोडला तर सकाळी बारीक भेगा दिसतात, किंवा रंग पिठासारखा हाताला लागतो. रंग खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडण होतं. दोष थंडीचा असतो. त्या दिवसांत जाड काम सकाळी अकराला सुरू करा आणि रात्री कॅनव्हास घरात आणा.

आता काढण्याची कामं, कारण अमूर्त चित्रात रंग लावण्याइतकंच काढणंही काम आहे. हत्यारं बहुतेक हार्डवेअरच्या दुकानातलीच. पुट्टीची पट्टी, चार इंची रोलर, स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांकडची रबरी स्क्वीजी, चारशे नंबरचा वॉटरपेपर. स्पंजचा रोलर जोरात फिरवला की हवेचे बुडबुडे अडकतात आणि वाळल्यावर टाचणीने टोचल्यासारखी भोकं राहतात. शेवटचा हात एकाच दिशेने, वजन न टाकता. स्क्वीजीने रंग ओढताना ती ६० अंशांच्या आसपास धरा. जास्त आडवी केली तर ती रंग सारवत जाते, खालचं उघडं पडत नाही. वॉटरपेपर पाण्यात बुडवूनच घासायचा. कोरडं घासलं तर रंगद्रव्याची धूळ नाकात जाते, आणि कॅडमियमचे रंग असतील तर हा हलगर्जीपणा अजिबात नको. वाळलेलं ॲक्रिलिक मऊ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. फडक्यावर घेऊन दाबायचं, अर्धा मिनिट थांबायचं, मग पुसायचं. फडकं जुन्या धोतराचं असावं. टॉवेलचे धागे रंगात अडकतात.

कागद चिकटवून उचलण्याची एक रीत आहे: ओल्या रंगावर फाडलेला कागद ठेवायचा, वरून रोलर फिरवायचा आणि कागद उचलायचा. काही रंग कागदाबरोबर जातो, कडेला मऊ, आपोआप झालेला आकार राहतो. छापील वर्तमानपत्र वापरलं तर शाई उतरू शकते, कोरा न्यूजप्रिंट घ्या. कागद उचलायची वेळ सापडणं हाच यातला कस. लवकर उचलला तर सगळं फिसकटतं, उशीर झाला तर कागदच चिकटून बसतो. वाया जाणाऱ्या तुकड्यावर पाच-सात वेळा करून आपल्या खोलीतली वेळ काढून ठेवा.

ही रीत गायतोंडेंच्या नावाशी जोडली जाते, आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच सुरू होतं. वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपूरला जन्मले, १९४८ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून पदविका घेतली, १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, १९७२ पासून दिल्लीत एका छोट्या जागेत राहिले. रोलर आणि पॅलेट नाइफ त्यांची हत्यारं. वर्षाला पाच-सहा चित्रं, एवढंच काम. ‘अमूर्त’ हा शब्दही त्यांना रुचत नव्हता, ते आपल्या कामाला वस्तुनिरपेक्ष म्हणत. १९८४ च्या अपघातानंतर काही वर्षं मोठे कॅनव्हास जमेनात, तेव्हा त्यांनी कागदावर शाईची छोटी कामं केली. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन झालं, आणि तेव्हापासून आपल्याकडे रोलरची लाट आली. रोलर कुणालाही मिळतो. वर्षाला पाच चित्रं करण्याची वृत्ती मात्र मिळत नाही, आणि त्या चित्रांतला शांत उजेड त्या संथपणाचा आहे. वर्षाला चाळीस चित्रं करणाऱ्याने तो रोलर घेतला तर वॉलपेपर तयार होतो.

दुसरी उदाहरणं त्याच नजरेने बघा. प्रभाकर कोलते खाली रंगांची गजबज करतात आणि मग एका मोठ्या रंगाने बहुतेक सगळं झाकून टाकतात. जे उघडं ठेवलं तेवढ्यातून खालचं डोकावतं. म्हणजे त्यांचा मुख्य निर्णय काय झाकायचं हा आहे. अकोल्याचे, पुढे ओस्लोत स्थायिक झालेले अंबादास खोब्रागडे ब्रशची वळणदार हालचाल रंगात तशीच जपत. तिथे झाकणं नाही, हात सतत वाहतो. नसरीन मोहमदी तर रंगापासूनच दूर झाल्या. कागद, पेन्सिल, शाई, पट्टी. रेघांमधलं अंतर हाच विषय. चौघांचं सामान वेगळं, पण त्याहून वेगळं आहे ते प्रत्येकाने काय करायचं सोडून दिलं ते. तुमचं चित्र कोलतेंसारखं दिसतं याचा अर्थ तुम्ही त्यांचं झाकणं उचललंत आणि खालची गजबज मात्र तुमची झालीच नाही. नक्कल वरच्या थरात दिसते, दोष खालच्या थरात असतो.

मग खालचं स्वतःचं कुठून आणायचं? इथे नाशिक कामाला येतं, मात्र देखाव्याच्या रूपात नको. नारोशंकराच्या देवळाची घंटा अस्पष्ट करून रंगवली म्हणजे अमूर्त झालं, असं होत नाही. तो पुसलेला देखावा. पूर ओसरल्यावर गोदाघाटाच्या भिंतींवर गाळाची जी आडवी रेघ राहते ती बघा. पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आलं यावरून सगळं गाव पूर मोजतं. तीच मोजपट्टी दगडावर उमटलेली असते. वर कोरडा काळा दगड, खाली ओला, मध्ये दोन बोटं मातकट पट्टा, आणि त्या पट्ट्याची वरची कड तीक्ष्ण, खालची विरघळलेली. वहीत नोंद चित्राची करू नका, नात्याची करा: गडद कोरडं, पातळ मातकट, गडद चकचकीत, वरची कड कडक, खालची मऊ, प्रमाण अंदाजे सात, अर्धा, अडीच. तांबट आळीत ठोक्यांनी आलेला भांड्याचा पोत, चुन्याने रंगवलेल्या वाड्याच्या भिंतीचे पोपडे, रंगपंचमीनंतर रहाडीच्या (रंग खेळायच्या हौदाच्या) कडेला चढून राहिलेला रंग, सगळ्याची नोंद अशाच पद्धतीने. एका नोंदीवर किमान पाच कॅनव्हास करा. पहिल्या दोघांत तुम्हाला भिंत दिसत राहील. तिसऱ्यापासून ती जायला लागते आणि प्रमाणं उरतात.

तैलरंगाबद्दल थोडक्यात. वाळलेल्या ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो. उलट केलंत तर ॲक्रिलिक पापुद्र्यासारखं सुटून येतं. खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे. अंबरचे रंग एक-दोन दिवसांत धरतात, आयव्हरी काळ्याला आठवडा किंवा जास्त लागतो. म्हणून काळ्याचा जाड थर खाली घालून वर लवकर वाळणारा रंग दिला की भेगा ठरलेल्या. झिंक पांढरा तेलात कालांतराने ठिसूळ होतो, टायटॅनियमच घ्या. आणि एक धोका गांभीर्याने घ्या: जवसाच्या तेलात भिजलेले बोळे ढिगाने ठेवले तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ते पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. बंद खोलीत टर्पेंटाइनवर काम करणं मला पटत नाही. खिडकी उघडी हवी, आणि घरात लहान मूल असेल तर ॲक्रिलिकवरच राहा.

ॲक्रिलिकचं गढूळ पाणी बेसिनमध्ये ओतू नका. पाइप तुंबतो, आणि शेवटी ते जातं कुठे हे नाशिककरांना सांगायला नको. बादलीत साठवा, तुरटी आणि थोडा चुना घाला, रात्रभर ठेवा. गाळ खाली बसतो. वरचं निवळ पाणी जाऊ द्या, गाळ फडक्यात गाळून वाळवून कचऱ्यात टाका.

आता दिवस कसा लावायचा. नोकरी करणाऱ्याला आठवड्यात दहा-बारा तास मिळतात असं धरू. एकच कॅनव्हास घेऊन बसलात तर वाळायची वाट न बघवल्यामुळेच तुम्ही तो बिघडवाल. चार-पाच एकाच मापाचे कॅनव्हास एकत्र चालवा, २४ बाय २४ इंचांचे पुरतात. एक वाळतो तोवर दुसरा. संध्याकाळी घरी आल्यावर वीस मिनिटं फक्त बघणं आणि वहीत लिहिणं: तारीख, थर कितवा, रंग कोणते, प्रमाण किती, पुढे काय करायचं आणि काय करायचं नाही. रंग लावायचं काम शनिवार-रविवारी सकाळी. रात्री पिवळ्या बल्बखाली मिसळलेला रंग सकाळी वेगळाच निघतो, तेव्हा रात्री काम करायचंच असेल तर ५००० ते ६५०० केल्विनच्या दरम्यानचे, रंग नीट दाखवणारे एलईडी लावा आणि सगळे एकाच जातीचे लावा. जमिनीवर जुना फ्लेक्स उलटा टाका. पाणी शोषत नाही, पुसता येतो, आणि कुठल्या तरी वाढदिवसाचा फलक सत्कारणी लागतो.

अडलेला कॅनव्हास तीन-चार दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवा. परत बघताना आधी उलटा, मग आरशात. जी जागा तुम्हाला सगळ्यात आवडते, तिच्यामुळेच बाकीचं अडकलंय का, हे तपासा. बऱ्याचदा तसंच असतं: एक सुंदर कोपरा वाचवण्यासाठी उरलेला कॅनव्हास बळी जातो. तो कोपरा झाका. फोटो काढून ठेवा म्हणजे हळहळ कमी होते.

पावसाळ्यात कॅनव्हास भिंतीला चिकटवून रचू नका. दोन इंच जागा सोडा आणि खाली लाकडी पट्ट्या द्या, नाहीतर मागून बुरशी धरते. कापड सैल पडलं म्हणून लगेच कोपऱ्याच्या पाचरी ठोकू नका. ऑक्टोबरात हवा कोरडी झाल्यावर बघा. पावसाळ्यात ताणून बसवलेलं कापड उन्हाळ्यात कोपऱ्यांशी रंगाला भेगा पाडतं.

पैशांचं. निव्वळ अमूर्त चित्रांच्या विक्रीवर सुरुवातीपासून घर चालवणारे फार थोडे. बहुतेकांचं कलाशिक्षकाची नोकरी, शिकवण्या, डिझाइनची कामं यांवर चालतं आणि चित्र त्याच्या बाजूने वाढतं. यात कमीपणा काही नाही. कोलतेंनीही जे. जे.मध्ये अनेक वर्षं शिकवलं. किंमत लावताना लोक चौरस इंचाचा दर धरतात. प्रति चौरस इंच २० रुपये धरले तर २४ बाय २४ चं चित्र ११,५२० रुपयांचं होतं आणि ४८ बाय ४८ चं ४६,०८०, म्हणजे थेट चौपट. नवख्या चित्रकाराचं मोठं चित्र यामुळेच पडून राहतं. उंची आणि रुंदीची बेरीज करून तिला दराने गुणा: ४८ ला २४० ने गुणलं तर तेच ११,५२०, आणि मोठ्याचे ९६ गुणिले २४०, म्हणजे २३,०४०. दर मोजून-मापून ठरवा, कारण वाढवणं सोपं असतं, उतरवणं नाही. गॅलरी साधारण एक तृतीयांश ते निम्मी रक्कम घेते, म्हणून घरून विकतानाही तोच आकडा सांगा. घरी स्वस्त आणि गॅलरीत महाग हे एकदा कळलं की गॅलरी पुन्हा दारात उभं करत नाही. इंटिरिअरवाले सोफ्याला जुळणारा रंग मागतील. घ्यायचं तर घ्या, पण त्या कामाची वही वेगळी ठेवा आणि प्रदर्शनाच्या मालिकेत ते मिसळू नका.

मुंबईच्या जहांगीरसारख्या ठिकाणी अर्ज निवड समितीकडे जातो आणि तारखेसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं, म्हणून अर्ज आत्ता करा आणि काम नंतर वाढवा. राज्य कला प्रदर्शन आणि बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनांना एकेक चित्र पाठवत राहा. नाशिकमधल्या चित्रकाराला एक सोय आहे: सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडली की दुपारपर्यंत मुंबईच्या काळा घोडा भागातली दोन-तीन प्रदर्शनं बघून संध्याकाळच्या गाडीने परत येता येतं. महिन्यातून एकदा हे करा. अमूर्त चित्र मोबाइलवर बघून शिकता येत नाही, कारण थरांची जाडी आणि कडेला डोकावणारा खालचा रंग पडद्यावर येतच नाही. चित्राच्या बाजूला उभं राहून तिरक्या उजेडात बघा. कोणता थर आधीचा, कोणता नंतरचा हे उलगडतं.

चित्र पाठवताना रंगाला बबल पॅक थेट लावू नका. उन्हात तापलेल्या टेम्पोत ॲक्रिलिक मऊ होतं आणि बुडबुड्यांची गोल नक्षी कायमची उमटते. आधी बटर पेपर किंवा ग्लासिन, मग पुठ्ठा, मग बबल पॅक. गुंडाळून न्यायचं असेल तर नळकामाच्या दुकानातला किमान सहा इंची पीव्हीसी पाइप घ्या आणि रंगाची बाजू बाहेर ठेवून त्यावर गुंडाळा. आत ठेवली तर रंग चुरगळतो. नाव, वर्ष, माध्यम आणि माप मागे लिहा, माप लिहिताना उंची आधी.

या शनिवारी सुरू करायचं असेल तर २४ बाय २४ चे तीन कॅनव्हास घ्या आणि गाळाच्या रेघेसारखी एकच नोंद. पहिल्यावर फक्त लावायचं, पुसायचं नाही. दुसऱ्यावर प्रत्येक थर दिल्यावर त्यातला निम्मा काढायचा. तिसऱ्यावर खाली चारही रंगांचा पोत करून एकाच रंगाने झाकायचं आणि दोन ठिकाणीच उघडं ठेवायचं. आठवड्याला प्रत्येकी एकच थर, असे सहा आठवडे. मोह होईल तो तिसऱ्यावर, कारण झाकण्याचा थर जाड असतो आणि वरून वाळलेला दिसतो. हाताची मागची बाजू टेकवून बघा. गार लागला तर भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि पहिल्याकडे वळा.